टीएमसी, दलघमी, गॅलन: पाणी तेवढंच, माप कुणाचं?

आमच्या लातुरात चौकातल्या चहाच्या टपरीवर पावसाळ्यात दोनच विषय असतात, सोयाबीनवर पडलेला रोग आणि जायकवाडी. एका सकाळी एक काका दोन पेपर मांडीवर पसरून बसले होते. म्हणाले, "काल ह्या पेपरात धरणाची क्षमता एकशे दोन लिहिली होती. आज हा दुसरा म्हणतो दोन हजार नऊशे नऊ. एका रात्रीत धरण एवढं मोठं झालं व्हय?" टपरीवाल्यानं गाळणीतून नजर न काढता उत्तर दिलं, "गाळ काढला असंल सरकारनं."

सगळे हसले. मात्र हसणाऱ्यांपैकी किती जणांना खरं उत्तर माहीत होतं, याची मला शंका आहे. दोन्ही पेपर बरोबरच होते. एकानं टीएमसीत लिहिलं होतं, दुसऱ्यानं दलघमीत. धरण तेच, पाणी तेवढंच, मोजणारं माप वेगळं.

त्याच आठवड्यात ह्यूस्टनहून भाचीचा फोन आला. "मामा, इकडं पेट्रोल तीन डॉलरला गॅलन झालंय, तिकडच्या मानानं स्वस्त ना?" मी शाळेत पाठ केलेलं आठवलं, एक गॅलन म्हणजे साडेचार लिटर. भागाकार केला आणि ठणकावून सांगितलं, "लिटरला सासष्ट सेंट पडतंय तुला." ती म्हणाली, "नाही मामा, एकोणऐंशी." पोरगी इंजिनिअर, पण मला वाटलं चुकली. चुकलो मी होतो. का चुकलो ते पुढं येईल. आधी धरण.

## आधी दोन शब्द नीट लावून घेऊ

दलघमी हे 'दशलक्ष घनमीटर'चं आखूड रूप. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच असा हौद म्हणजे एक घनमीटर. त्यात बरोबर १,००० लिटर पाणी मावतं. गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते ना, तेवढं. अशा दहा लाख टाक्या भरल्या की एक दलघमी.

टीएमसी हा इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा खेळ आहे. त्याचा अर्थ हजार दशलक्ष घनफूट, म्हणजेच एक अब्ज घनफूट. एक घनफूट हा फूटभर लांब-रुंद-उंच डबा. त्यात २८.३२ लिटर पाणी बसतं. गोडेतेलाचे १५ लिटरचे दोन डबे भरायला निघालात तर दुसरा जरासा अपुरा राहील, एवढं.

फूट-इंच ही मंडळी ब्रिटिशांनी आणली. अमेरिकेत आजही त्यांचंच राज्य आहे. आपण १९५६ साली वजनमापांचा कायदा करून मीटर-लिटर-किलो स्वीकारले आणि १९५८ पासून ते टप्प्याटप्प्यानं बाजारात आले. पण पाटबंधाऱ्याची भाषा दोन्ही डगरींवर पाय ठेवून राहिली. जायकवाडीची पूर्ण संचय पातळी आजही १,५२२ फूट अशीच सांगतात, साठा मात्र दलघमीत, आणि पाणीवाटपाचं भांडण पेटलं की टीएमसीत.

## मीटरला सव्वातीन फूट, मग घनमीटरला पस्तीस घनफूट कसे?

बहुतेकांची गाडी इथंच अडते. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट, हे आपल्याला तोंडपाठ. म्हणून वाटतं की एका घनमीटरमध्येही ३.२८ घनफूट असतील. असतात ३५.३१.

लाडूचा डबा डोळ्यांपुढं आणा. तळाला तीन लाडवांच्या तीन ओळी, म्हणजे नऊ. असे तीन थर, म्हणजे सत्तावीस. बाजू फक्त तिप्पट होती, लाडू सत्तावीसपट झाले. घनमापाचं तसंच आहे. लांबीचा फरक तीनदा गुणला जातो, एकदा लांबीला, एकदा रुंदीला, एकदा उंचीला. ३.२८०८ गुणिले ३.२८०८ गुणिले ३.२८०८ केलं की ३५.३१ येतात.

उलट्या बाजूनं एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. हा आकडा अंदाजे नाही, अगदी नेमका आहे. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन आणि इंग्रजी बोलणाऱ्या इतर काही देशांनी मिळून यार्डाची लांबी मीटरमध्ये पक्की केली, त्यातून तो आला. ०.३०४८ चा घन करा, ०.०२८३२ मिळतात. म्हणून एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. काकांच्या पेपरातले २,९०९ दलघमी २८.३२ ने भागा, १०२.७ टीएमसी येतील. भांडण मिटलं.

ज्यांनी घर बांधलंय त्यांना हे माप आधीच माहीत आहे, फक्त नाव वेगळं. वाळू, मुरूम, खडी आपण ब्रासनं घेतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. तेव्हा टीएमसीचं सगळ्यात सोपं मराठी भाषांतर असं: एक कोटी ब्रास पाणी. मला हे सुचलं तेव्हा टीएमसी पहिल्यांदा डोळ्यांपुढं उभा राहिला, कारण एका ब्रासचा ढीग दारात किती जागा अडवतो हे मी शेजाऱ्याशी भांडून शिकलोय.

## लातूरकरांसाठी आणखी एक माप

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, सुमारे ५ लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकर आला की आधी भांडी धावायची, मग माणसं.

पंचवीस लाख लिटर ऐकायला केवढे वाटतात. आता भागाकार करा. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. ते मिरजेहून आणायचं तर पन्नास वाघिणींच्या ११,३२७ खेपा लागतील. रोज एक गाडी धरली तर एकतीस वर्षं. आणि जायकवाडीत एकूण १०२ टीएमसी मावतं.

शेततळ्यावर उतरून पाहू. तीस मीटर बाय तीस मीटर, तीन मीटर खोल अशा तळ्याचा सरळ गुणाकार २,७०० घनमीटर होतो, आणि बरेच जण "सत्तावीस लाख लिटर" असं सांगून मोकळे होतात. पण तळ्याच्या भिंती उभ्या नसतात, उतरत्या असतात. मीटरभर खोलीला मीटरभर उतार धरला तर तळाशी २४ बाय २४ मीटरच उरतात आणि पाणी मावतं साधारण २,२०० घनमीटर. म्हणजे २२ लाख लिटर. पन्नास वाघिणींच्या गाडीहून थोडं कमी. एकक अचूक बदललं तरी आकार चुकला की हिशेब चुकतो, हे जाता जाता.

## साठा वेगळा, धार वेगळी

आता तिसरा शब्द, क्युसेक. "नाथसागराचे सत्तावीसही दरवाजे उघडले, अमुक हजार क्युसेक विसर्ग" अशी जायकवाडीची बातमी आली की लोक क्युसेक आणि टीएमसी एकाच पाटीत टाकतात. टीएमसी हे रांजणातलं पाणी, क्युसेक ही तोटीची धार. एका सेकंदाला एक घनफूट पाणी वाहिलं की एक क्युसेक, म्हणजे सेकंदाला २८.३२ लिटर. दर सेकंदाला दोन घागरी.

धारेचं पाणी किती झालं हे सांगायचं तर ती किती वेळ चालली ते कळायला हवं. दिवसात ८६,४०० सेकंद. एक क्युसेकची धार दिवस-रात्र सोडली तर २४ लाख ४७ हजार लिटर पाणी जातं. लातूरची ती पन्नास वाघिणींची गाडी आठवा. तिचं पाणी म्हणजे जवळपास एका क्युसेकचं एका दिवसाचं पाणी! मी हा हिशेब दोनदा तपासला, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसेना.

११,५७४ क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला की एक टीएमसी होतो. डोक्यात ठेवायला साडेअकरा हजार पुरे. पूर असताना एक लाख क्युसेकचा आकडा आला तर समजायचं, दिवसाला साडेआठ टीएमसीच्या वर पाणी खाली चाललंय.

क्युसेकचा मीटरवाला भाऊ क्युमेक, सेकंदाला एक घनमीटर. ऐकायला इतके सारखे की बातमी देताना एकाच्या जागी दुसरा सहज बसतो. फरक मात्र पस्तीसपटीचा आहे. गोदाकाठच्या गावाला ओट्यापर्यंत पाणी येणार की माळवदापर्यंत, एवढा.

अजून एक खाच. धरण "शंभर टक्के" म्हणतात ते एकूण साठ्याचे टक्के नसतात. जायकवाडीचा जिवंत साठा, म्हणजे सोडता येण्याजोगा साठा, २,१७१ दलघमी आहे, साधारण ७६.७ टीएमसी. उरलेले ७३८ दलघमी, म्हणजे २६ टीएमसी, हा मृत साठा. "शून्य टक्के" म्हटलं तरी तळाशी पाणी असतं ते हेच. वरच्या धरणांतून जायकवाडीत किती सोडायचं, याच्या दरवर्षीच्या वादात एक बाजू १०२ धरून बोलते आणि दुसरी ७६ धरून, आणि दोघं एकमेकांना खोटं पाडतात.

## आता गॅलन, पण कुणाचा?

माझी आजी बाजारात धान्य घ्यायला गेली की भाव विचारायच्या आधी विचारायची, "पायली कुणाची?" कारण पायली गावागणिक वेगळी. सावकाराघरी तर दोन असायच्या म्हणे, द्यायची एक, घ्यायची एक. मोजताना पहिल्या मापाला ती "एक" म्हणायची नाही, "लाभ" म्हणायची, मग दोन, तीन. आणि माप शिगोशीग भरायचं की हात फिरवून सपाट करायचं, हे आधी ठरवून घ्यायची. तीन प्रश्न झाल्याशिवाय तिनं कधी कणगीकडं पाय उचलला नाही.

गॅलनला तिचा पहिला प्रश्न जसाच्या तसा लागू पडतो. गॅलन दोन आहेत.

जुन्या इंग्लंडमध्ये दारूचा गॅलन वेगळा, बिअरचा वेगळा, धान्याचा वेगळा असा बाजार होता. १७०७ साली राणी ॲनच्या काळात दारूचा गॅलन २३१ घन इंच असा कायद्यानं ठरला. अमेरिका वेगळी झाली तेव्हा तोच गॅलन आपल्यासोबत घेऊन गेली आणि आजतागायत वापरतेय. तो ३.७८५ लिटरचा. पुढं १८२४ मध्ये ब्रिटननं घर आवरायला काढलं. सगळे जुने गॅलन मोडीत काढून एकच नवा ठरवला, दहा पौंड पाणी मावेल एवढा. तो ४.५४६ लिटरचा.

आपल्यावर राज्य ब्रिटनचं, म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकात साडेचार लिटर आलं. भाचीच्या पंपावर अमेरिकी गॅलन. तीन डॉलर ३.७८५ ने भागले की ७९ सेंट, ४.५४६ ने भागले की ६६. मी तिच्या लिटरमागं तेरा सेंट परस्पर खाल्ले होते. लक्षात ठेवायला सोपं गणित असं: ब्रिटिश पाच गॅलन म्हणजे अमेरिकी सहा.

गंमत पुढंच आहे. अमेरिकी मापांचा कोष्टक मांडला की तो परका वाटतच नाही. दोन कपांचा एक पाइंट, दोन पाइंटांचा एक क्वार्ट, चार क्वार्टांचा एक गॅलन. आता आपला: दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. सोळा कपांचा गॅलन, सोळा चिपट्यांची पायली. कुणी कुणाची नक्कल केलेली नाही. दशमान पद्धत हातात नव्हती तेव्हा माणूस अर्धं आणि दुप्पट या दोनच गोष्टी डोळ्यानं खात्रीनं करू शकत होता. भाकरीचे दोन तुकडे कुणीही करील, दहा सारखे करून दाखवा.

फुटाचं मात्र असं झालं नाही. अमेरिकेचा फूट आणि आपला जुना फूट एकच. म्हणून टीएमसी जगात कुठंही नेला तरी २८.३२ दलघमीच राहतो. एका घनफुटात अमेरिकी गॅलन ७.४८ बसतात, ब्रिटिश ६.२३.

## हा गॅलन आपल्या स्वयंपाकघरात आधीच आलाय

बोअरच्या क्षारांना कंटाळून मराठवाड्यात घरोघरी आरओ बसले. मेकॅनिक आतली नळकांडी बदलायला येतो तेव्हा म्हणतो, "पंचाहत्तर जीपीडीची टाकू का शंभरची?" जीपीडी म्हणजे दिवसाला किती गॅलन. आणि हा गॅलन अमेरिकी. पंचाहत्तर म्हणजे दिवसाला २८४ लिटर, तासाला बारा लिटरला थोडे कमी. साडेचारचा पाढा लावला तर तासाला चौदा लिटर निघतात आणि मग "मशीन कमी पाणी देतंय" म्हणून मेकॅनिकशी वाद. शिवाय तो आकडा ठरावीक दाबाच्या, ठरावीक तपमानाच्या पाण्यावर काढलेला असतो. आपल्या खारट बोअरवर त्याहून कमीच मिळतं, ते वेगळं.

परदेशी बाटल्यांवर ३५५ मिलिलिटर, ४७३, ९४६ असे वेडेवाकडे आकडे का असतात, हेही इथंच उलगडतं. ९४६ हा अमेरिकी क्वार्ट, ४७३ हा पाइंट, ३५५ हे बारा द्रव औंस. त्यांच्या मापात ते गोल आकडेच आहेत. आपल्या कायद्यानं पाकिटबंद मालावर मेट्रिक माप लिहावंच लागतं, म्हणून ते असे दिसतात.

औंसात आणखी एक भानगड आहे. द्रव औंस हे आकारमान, २९.५७ मिलिलिटर. नुसता औंस हे वजन, २८.३५ ग्रॅम. पाण्याच्या बाबतीत दोन्ही जवळजवळ जुळतात म्हणून फसायला होतं. मध आणि पिठाच्या बाबतीत मुळीच जुळत नाहीत.

रेसिपीतला अमेरिकी कप २३७ मिलिलिटरचा. पाकिटावरच्या पोषणतक्त्यात तोच कप २४० चा धरतात. आपला चहाचा कप ह्याच्याहून बराच लहान, तेव्हा "दोन कप मैदा" वाचून चहाचा कप हातात घेऊ नका. मोठा चमचा १५ मिलिलिटर, लहान ५, म्हणजे तिप्पट फरक. केकमध्ये हे चुकलं तर केक बिघडेल. लहान पोराच्या औषधात चुकलं तर तिप्पट डोस जाईल. औषधासोबत येणारं प्लॅस्टिकचं टोपण फेकू नका आणि त्याच्या जागी ताकाचा चमचा वापरू नका. ह्या बाबतीत मी अंदाजपंचेवाल्यांचं मुळीच ऐकून घेत नाही.

## तेलाचं बॅरल आपल्या ड्रमपेक्षा लहान

कच्च्या तेलाचा भाव बॅरलमध्ये येतो. बॅरल म्हटलं की आपल्यापुढं दारातला निळा ड्रम येतो, दोनशे लिटरचा. तेलाचं बॅरल ४२ अमेरिकी गॅलनचं, म्हणजे १५९ लिटर. १८६० च्या दशकात पेन्सिल्व्हेनियातल्या तेलविहिरींवर लाकडी पिपं वापरायचे, तिथं हा ४२ चा रिवाज पडला. पिपं गेली, आकडा राहिला.

समजा भाव ८० डॉलर आहे. १५९ ने भागा, लिटरला पन्नास सेंट. इतकं स्वस्त असताना पंपावर एवढं का, असा सवाल लगेच येतो. कच्चं तेल म्हणजे पेट्रोल नव्हे. शुद्धीकरण, वाहतूक, विक्रेत्याचं कमिशन आणि मुख्य म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा कर त्यावर चढतो. तो राग काढायचा तर करावर काढा, बॅरलवर नको.

## बुशेल: माप गेलं, वजन राहिलं

लातूरच्या आडत बाजारात बसलात की शिकागोचं नाव कानावर येतंच. तिथल्या वायदेबाजारात सोयाबीनचा भाव बुशेलला अमुक सेंट असा निघतो. बुशेल मुळात धान्याचं माप, आपल्या पायलीच्याच जातीचं, ३५.२४ लिटरची टोपली. पण ज्यानं पायलीनं ज्वारी आणि पायलीनं करडई मोजलीय त्याला ठाऊक आहे, माप सारखं भरलं तरी वजन वेगळं येतं. ओलं धान्य, सुकं धान्य, शीग लावलेलं, हात फिरवलेलं, सगळ्यानं फरक पडतो. म्हणून अमेरिकी व्यापाऱ्यांनी बुशेलचं नाव ठेवलं आणि आत वजन बसवलं: सोयाबीनचं एक बुशेल म्हणजे ६० पौंड, मक्याचं ५६.

साठ पौंड म्हणजे २७.२२ किलो. क्विंटलमध्ये ३.६७ बुशेल. समजा शिकागोत भाव १,००० सेंट, म्हणजे दहा डॉलर आहे आणि डॉलर ८५ रुपयांना आहे. दहा गुणिले ३.६७ गुणिले ८५, क्विंटलला सुमारे ३,१२० रुपये. एवढा गुणाकार ज्याला येतो त्याला "आज शिकागो पडलं" म्हणून कुणी घाबरवू शकत नाही, किती पडलं ते तो स्वतः काढतो. ह्या आकड्याला हमीभावाशेजारी ठेवून लगेच भांडायला मात्र उठू नका. जहाजाचं भाडं, आयातशुल्क, तेल आणि पेंडीचे इथले भाव, मालातला ओलावा, हे सगळं त्यात नाही.

## "मोबाइल आहे की, मग हे डोक्यात कशाला?"

हा प्रश्न भाच्यानं विचारला, आणि तो रास्त आहे. मोबाइल गुणाकार आपल्यापेक्षा चांगला करतो. पण "गॅलन" टाकलं की बहुतेकदा तो अमेरिकी धरून मोकळा होतो. तुमच्यापुढचा जुना कागद ब्रिटिश गॅलनचा असेल तर तो बिचारा काय करणार?

२३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एक बोईंग ७६७ मॉन्ट्रियलहून एडमंटनला निघालं. कॅनडा तेव्हा नुकता मेट्रिककडं वळत होता. विमानाला २२,३०० किलो इंधन हवं होतं. टाकीतलं मोजलं लिटरमध्ये, ते किलोत बदलायला लिटरमागं ०.८ किलोच्या आसपास धरायला हवं होतं. लोकांनी सवयीनं १.७७ धरलं. तो आकडा खोटा नव्हता, पण पौंडांचा होता. गुणाकार बिनचूक, माप दुसऱ्याचं. विमान निम्म्याहून कमी इंधन घेऊन उडालं आणि वाटेत हवेतच एकापाठोपाठ दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकानं ते घारीसारखं तरंगत नेऊन गिमली नावाच्या गावातल्या हवाईदलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. सगळे वाचले. आजीचा प्रश्न तिथं कुणीतरी विचारायला हवा होता.

दुसरी शंका दशांशांची. २८.३१६८४६५९२ लिहायचं की २८.३२? धरणाच्या बाबतीत २८.३ सुद्धा पुरे. धरणातलं पाणी पातळी वाचून तक्त्यावरून काढतात, तळाशी गाळ साठत जातो, वरून उन्हात बाष्प उडतं. जिथं मोजणीतच एवढं उणंअधिक आहे तिथं नऊ दशांश लिहिणं म्हणजे बैलगाडीला स्पीडोमीटर. औषधात आणि विमानात मात्र काटेकोर राहायचं.

## "अमेरिका अजून जुनंच का धरून बसलीय?"

तिथं १९७५ साली मेट्रिकचा कायदा झाला, पण सक्ती नव्हती. कारखाने, यंत्रं, रस्त्यावरच्या पाट्या, सगळं बदलायचा खर्च कुणी करायचा, यावर गाडं अडलं. आणि तरीही तिथला इंच मीटरवरच टांगलेला आहे. इंचाची व्याख्याच २५.४ मिलिमीटर अशी आहे. म्हणजे पाटी जुनी, दुकान मेट्रिकचं. आपल्यालाही हसायला फार जागा नाही. जमीन गुंठ्यात, घर चौरस फुटात, वाळू ब्रासमध्ये, सोनं तोळ्यात. तोळाही मुळात ११.६६ ग्रॅमचा होता, आता सराफ मुकाट्यानं दहाचा धरतात.

टपरीवर परत आलो. टपरीवाल्यानं 'उधारी बंद' च्या पाटीखाली खडूनं लिहून घेतलंय: १ टीएमसी = २८.३२ दलघमी. काकांचं समाधान झालं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एकानं विचारलं, "माझ्या बोअरला परवा दीड इंच पाणी लागलं. ते किती लिटर?"

इंच हे लांबीचं माप. त्यातून नुसते लिटर निघत नाहीत, पाणी कोणत्या वेगानं येतंय तेही लागतं. त्याला म्हटलं, मोटर तासभर चालू दे, मग पंधरा लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ घेऊन धारेखाली बस. बादली पाच सेकंदांत भरली तर सेकंदाला तीन लिटर, तासाला १०,८०० लिटर. क्युसेकच्या भाषेत एक दशांशाहून थोडं जास्त. संध्याकाळी त्याचा फोन आला, अकरा सेकंद लागले म्हणे.

"म्हणजे तासाला चार हजार नऊशे," मी सांगितलं.

"अन् बोअरवाल्यानं पैसे घेताना दीड इंच म्हणून घेतले," तो म्हणाला, आणि पुढं जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही.